तारापूरचे इंधन आणि वॉशिंग्टनचा शब्द

तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या कशा उभ्या राहिल्या, यंत्रे कुठून आली, कोणी किती वर्षे सेवा केली, हे या स्मरणिकेत इतरांनी लिहिले आहेच. माझ्या वाट्याला आलेला भाग जरा अवघड जागेचा आहे : केंद्राचे अमेरिकेशी असलेले नाते. पंप बिघडला, वाहिनी गळली, इंधन बदलले, याच्या नोंदी केंद्राच्या दप्तरात तारखेनिशी सापडतात. ते इंधन वेळेवर का आले नाही, याचा खुलासा मात्र वॉशिंग्टनच्या दप्तरात शोधावा लागतो. पालघरच्या किनाऱ्यावरच्या एका वीजकेंद्राचे भवितव्य अमेरिकी सिनेटमध्ये मताला टाकले गेले आणि केवळ दोन मतांनी तरले, हे आजच्या तरुण अभियंत्यांना सांगितले तर खरे वाटत नाही.

सुरुवात आयझेनहॉवर यांच्यापासून करावी लागते. ८ डिसेंबर १९५३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्यांनी ‘शांततेसाठी अणू’ ही कल्पना मांडली. अणुबॉम्बची विद्या आपल्यापाशीच राहील हा अमेरिकेचा भ्रम रशियाने १९४९ मध्येच मोडला होता. विद्या आता लपवून ठेवता येत नाही. मग ती आपल्या हाताने, आपल्या अटींवर वाटावी, म्हणजे घेणारा आपल्या नजरेखाली राहतो, असा तो हिशेब होता. त्यात औदार्य नव्हते असे नाही. पण ते सावकाराचे औदार्य होते. आशियातल्या नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना वीज हवी होती आणि अमेरिकेला त्या देशांत रशियाच्या आधी पाय रोवायचा होता.

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय वापरावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचे अध्यक्ष होते डॉ. होमी भाभा. पुढच्याच वर्षीच्या करारांनुसार ट्रॉम्बेच्या सायरस प्रकल्पासाठी कॅनडाने भट्टी आणि अमेरिकेने सुमारे २१ टन जड पाणी दिले. ते शांततामय कामासाठीच वापरायचे असे त्या व्यवहारात नमूद होते. हे जड पाणी वाचकांनी ध्यानात ठेवावे. तारापूरशी त्याचा काहीच संबंध नव्हता, तरी पुढे ते तारापूरच्याच मुळावर आले.

भाभांची स्वतःची योजना वेगळी होती. भारतात युरेनियम थोडे आणि थोरियम विपुल, म्हणून नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालणाऱ्या भट्ट्यांपासून सुरुवात करून तीन टप्प्यांनी थोरियमपर्यंत पोचायचे, असा त्यांचा आराखडा. त्यात समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या अमेरिकी भट्टीला मुळात जागाच नव्हती. तरीही त्यांनी ती घेतली. अणुवीज भारतात परवडते हे लवकर आणि प्रत्यक्ष दाखवायचे होते. मुंबई आणि अहमदाबादच्या गिरण्या-कारखान्यांना वीज कमी पडत होती आणि कोळशाच्या खाणी तिथून शेकडो मैल दूर होत्या. रेल्वेने कोळसा आणून वीज करण्यापेक्षा दोन्ही शहरांच्या मधे, समुद्राच्या पाण्याजवळ अणुकेंद्र उभारणे हिशेबात बसत होते. १९६० मध्ये जागतिक निविदा मागवल्या. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्समधून प्रस्ताव आले. त्यांतला जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा उकळत्या पाण्याच्या भट्टीचा प्रस्ताव सर्वांत स्वस्त पडत होता.

भाभांवर तेव्हाही टीका झाली. इंधन परक्याच्या हाती ठेवून कसले स्वावलंबन, असा प्रश्न होता. आज मागे वळून पाहताना ती टीका खोटी होती असे कोणी म्हणणार नाही. पण भाभांनी केलेला सौदा अडाण्याचा नव्हता. जी तंत्रविद्या उभारायला देशाला आणखी दहा वर्षे लागली असती, ती घेताना त्यांनी करारात एक वाक्य पक्के करून घेतले, आणि पुढे कित्येक वर्षे दोन्ही देश त्याच वाक्यावरून भांडत राहिले.

तो करार ८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला झाला, मुदत तीस वर्षांची. तारापूरला लागणारे सगळे समृद्ध युरेनियम अमेरिका विकेल, आणि तारापूर अमेरिकेने दिलेल्या इंधनाशिवाय दुसऱ्या कशावर चालणार नाही, असे त्यात लिहिले होते. दोन्ही बाजूंनी गाठ होती. भारताने दुसरीकडून घ्यायचे नाही, अमेरिकेने नाही म्हणायचे नाही. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम काढायचे झाल्यास देखरेख नीट ठेवता येईल असे दोन्ही सरकारांनी मिळून ठरवावे, अशीही एक अट होती. ‘मिळून’ ठरवायचा तो निर्णय अमेरिकेने कधीच केला नाही.

या कराराच्या तारखेकडे जरा लक्ष द्यावे. चीनशी युद्ध संपून जवळजवळ नऊ महिने झाले होते. चीनचा पहिला अणुस्फोट व्हायचा होता (तो १६ ऑक्टोबर १९६४ रोजी झाला), पण तो येणार याची चाहूल वॉशिंग्टनला होती. आशियात चीनच्या शेजारी, लोकशाही देशात, अमेरिकी यंत्रांनी अणुवीज तयार होते आहे, हे चित्र केनेडी प्रशासनाला हवे होते. म्हणून कर्जही तसे मिळाले : सुमारे आठ कोटी डॉलर, व्याज पाऊण टक्का, परतफेडीला चाळीस वर्षे. अशा दराने आपली सहकारी पतपेढीही कर्ज देत नाही. केंद्रावर अमेरिकेने देखरेख मागितली, ती आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे सोपवण्याचे भारताने मान्य केले. मात्र फक्त तारापूरपुरते. या ‘फक्त’ शब्दात पुढचे सगळे भांडण दडले होते.

१९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकशी टर्न-की करार झाला, म्हणजे सगळे उभारून चालते केंद्र भारताच्या हाती द्यायचे. बांधकाम बेक्टेल कंपनीने केले. ज्या माणसाने हे सगळे जुळवले ते भाभा २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात गेले. पहिली भट्टी १ फेब्रुवारी १९६९ रोजी आणि दुसरी २८ फेब्रुवारीला क्रांतिक झाली. २८ ऑक्टोबर १९६९ पासून प्रत्येकी २१० मेगावॉट क्षमतेने व्यापारी वीज सुरू झाली आणि १९ जानेवारी १९७० रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींनी केंद्र राष्ट्राला अर्पण केले. महाराष्ट्र आणि गुजरातला वीज मिळू लागली. ही भारताची पहिली अणुवीज.

आता थोडे यंत्राजवळ जाऊन पाहू, कारण पुढचे राजकारण कळायला ते लागते. निसर्गात सापडणाऱ्या युरेनियममध्ये भंजनक्षम युरेनियम-२३५ शेकडा ०.७ एवढेच असते. तारापूरच्या भट्टीला ते सुमारे अडीच टक्क्यांपर्यंत वाढवलेले लागते, आणि वाढवण्याचा कारखाना तेव्हा भारतात नव्हता. वाढवलेले युरेनियम वायुरूप होणाऱ्या संयुगाच्या स्वरूपात, जाड पोलादी सिलिंडरमध्ये अमेरिकेतून यायचे. १९७० च्या दशकात हैदराबादला न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्स सुरू झाल्यावर तिथे त्याची पूड, पुडीच्या भाजून घट्ट केलेल्या छोट्या गोळ्या, आणि त्या गोळ्या भरलेल्या झिरकॅलॉयच्या नळ्या तयार होऊ लागल्या. अशा छत्तीस नळ्यांचे, सहा बाय सहाच्या चौकटीत बसवलेले एक बंडल. एका भट्टीत अशी २८४ बंडले. इंधन बदलायच्या वेळी भट्टी बंद करून, झाकण काढून, वर पाणी भरतात. पुलासारख्या यंत्रावर उभा राहिलेला माणूस लांब दांड्याने पाण्याखालचे एकेक बंडल उचलतो आणि शेजारच्या तलावात नेऊन ठेवतो. खाली निळसर प्रकाश असतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा व्हिएन्नाहून आलेला निरीक्षक हातात यादी घेऊन बंडलांचे क्रमांक पडताळतो, जिथे हात लावायचा नाही तिथे सील ठोकतो, तलावावर त्यांचा कॅमेरा असतो. पुढच्या भेटीत सील जागेवर आहे का, हे आधी बघायचे. ही पाहणी करताना कुणाच्या मनात किल्मिष नसे. निरीक्षकांचे आणि आपल्या लोकांचे चांगले जमे. बंडल म्हणजे बंडल, मोजले की झाले.

मुद्दा असा, की प्रत्येक वेळी नवे सिलिंडर निघायचे तेव्हा अमेरिकेत निर्यात परवाना लागत असे. करार तीस वर्षांचा, पण परवाना खेपेगणिक. तिथेच दोर बांधलेला होता.

पहिली काही वर्षे तो कोणी ओढला नाही. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या ऐन भरात अमेरिकेच्या सातव्या आरमाराचे ‘एंटरप्राइज’ हे अणुशक्तीवर चालणारे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागराकडे निघाले. निक्सन-किसिंजर यांना तेव्हा पाकिस्तानमार्गे चीनशी मैत्री जुळवायची होती. भारत-अमेरिका संबंध इतके कडू पूर्वी कधी झाले नव्हते. तरी त्या कडवटपणाचा तडाखा तारापूरच्या इंधनाला बसला नाही. परराष्ट्र धोरणाचा राग एका हातात आणि करार दुसऱ्या हातात, असे वेगळे ठेवायची सवय अमेरिकेच्या प्रशासनाला होती. ती मोडली ती प्रशासनाने नव्हे, अमेरिकी काँग्रेसने.

१८ मे १९७४ रोजी पोखरणला स्फोट झाला. त्याचे प्लुटोनियम सायरसमधून आले होते. म्हणजे भट्टी कॅनडाची आणि जड पाणी अमेरिकेचे. भारताने याला शांततामय अणुस्फोट म्हटले. अमेरिकेला ते पटले नाही, आणि खरे बोलायचे तर आपल्याकडेही पुष्कळांना ते तोंडदेखलेच वाटले असावे. कॅनडाने रावतभाट्याच्या अणुवीज केंद्राच्या कामातून हात काढून घेतला. अमेरिकेला सायरसवर काही करता येत नव्हते, त्यावर देखरेखीची तरतूदच नव्हती. भारतातले बोट ठेवण्याजोगे एकच ठिकाण उरले, ते तारापूर. ज्या केंद्राने एकही अट मोडली नव्हती, ज्याचे प्रत्येक बंडल मोजलेले होते, तेच ओलीस धरले गेले. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होमी सेठना यांनी सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकी इंधन आणि त्यातून निघणारे प्लुटोनियम तारापूरशिवाय कशालाही वापरणार नाही असे लेखी दिले, तेव्हा अडलेली खेप सुटली. कागदी घोडे नाचायला सुरुवात झाली ती इथून.

या काळात आशियात इतरत्र काय चालले होते ते पाहिले तर तारापूरचे वेगळेपण कळते. दक्षिण कोरियाने फ्रान्सकडून प्लुटोनियम वेगळे काढण्याचा कारखाना घेण्याचे ठरवले होते. १९७६ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या दबावाखाली तो बेत रद्द झाला. कोरियात अमेरिकी फौजा होत्या. त्या निघाल्या तर उत्तर कोरिया दारात, हे सेऊलला समजावून सांगावे लागले नाही. तैवानच्या संशोधन भट्टीवर अमेरिकेची सतत नजर होती आणि १९८८ मध्ये ती बंदच करवली गेली. जपानने तोकाईचा तसलाच कारखाना चालवू द्या म्हणून कार्टर प्रशासनाशी हुज्जत घातली आणि १९७७ मध्ये जिंकली. पण जपान अण्वस्त्र प्रसारबंदी करारात होता आणि त्याच्या सगळ्या केंद्रांवर देखरेख होती. पाकिस्तानबाबत अमेरिकेने फ्रान्सला कारखाना देण्यापासून परावृत्त केले, एप्रिल १९७९ मध्ये मदतही थांबवली. त्याच वर्षाच्या अखेरीस रशियाच्या फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि १९८१ मध्ये त्याच पाकिस्तानला ३२० कोटी डॉलरची मदत ठरली. ज्यांच्या सुरक्षेची जबाबदारी अमेरिकेने घेतली होती, ते तिचे ऐकत. ज्यांची तिला गरज होती, त्यांच्याकडे ती काणाडोळा करी. भारत या दोन्हीत बसत नव्हता. आपल्या भूमीवर अमेरिकेचा सैनिक नव्हता आणि अमेरिकेच्या एखाद्या युद्धाला आपली गरज नव्हती. धरायला होते फक्त तारापूरचे इंधन.

अध्यक्ष जिमी कार्टर १९७८ च्या जानेवारीत दिल्लीला आले. हरियाणातल्या एका गावाने त्यांच्या नावावरून स्वतःचे नाव कार्टरपुरी ठेवले, इतका उत्साह होता. त्याच भेटीत, ध्वनिक्षेपक चालू आहे हे लक्षात न आल्याने, परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांच्या कानात त्यांनी सांगितलेले जगाने ऐकले : परत गेल्यावर पंतप्रधान मोरारजी देसाईंना थंड आणि रोखठोक भाषेतले पत्र लिहायला हवे. मोरारजींचे उत्तर त्यांना आधीच मिळालेले होते. मोरारजी स्वतः अणुस्फोटांच्या विरोधात होते, तसे ते जाहीर बोलतही. पण देशातल्या सगळ्या अणुकेंद्रांवर परक्यांची देखरेख घेणार नाही, यावरून त्यांना कोणी हलवू शकले नाही. एका बाजूला बॉम्ब नको म्हणणारा आणि दुसऱ्या बाजूला तपासणीही नको म्हणणारा हा गृहस्थ वॉशिंग्टनला उमजला नाही.

१० मार्च १९७८ रोजी कार्टर यांनी अण्वस्त्र प्रसारबंदीचा नवा अमेरिकी कायदा सही करून अमलात आणला. सिनेटर जॉन ग्लेन, तेच ते अंतराळवीर, त्याचे एक प्रमुख पुरस्कर्ते. ज्या देशाने आपल्या सर्व अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय देखरेख मान्य केली नाही, त्याला दोन वर्षांच्या सवलतीनंतर इंधन द्यायचे नाही, असे तो म्हणत होता. भारताचे म्हणणे साधे होते : करार १९६३ चा, कायदा १९७८ चा, मागच्या कराराला पुढचा कायदा कसा लागू होतो? आपल्या न्यायालयात हा मुद्दा पहिल्याच तारखेला निकालात निघाला असता. पण आंतरराष्ट्रीय करारात न्यायाधीश कोण? अमेरिकी सरकार करार मानते, अमेरिकी संसद कायदा करते, आणि अमेरिकी अणुनियामक आयोगाला दोन्ही पाळायचे असतात. भारताशी बोलणारा अमेरिकी माणूस प्रत्येक खोलीत वेगळा निघत असे.

एप्रिल १९७८ मध्ये नियामक आयोगात परवान्यावर दोन विरुद्ध दोन अशी मते पडली, निर्णय झालाच नाही. कार्टर यांनी स्वतःच्या अधिकारात खेप सोडली. १६ मे १९८० रोजी आयोगाने पुढच्या खेपांना एकमताने नकार दिला. महिन्याभराने, १९ जूनला, कार्टर यांनी तो नकार ओलांडून ३८ टन इंधनाला मंजुरी दिली. वरकरणी हे विचित्र होते, कारण दोन वर्षांपूर्वी कायद्यावर सही करणारे तेच. पण मधल्या काळात अफगाणिस्तानचा प्रश्न उभा राहिला होता. इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या होत्या आणि त्यांनी रशियाशी मोठा शस्त्रखरेदीचा व्यवहार केला होता. अशा वेळी भारताला पूर्णपणे रशियाच्या पदरात टाकायचे नाही, असा परराष्ट्रमंत्री एडमंड मस्की यांचा आग्रह होता. १८ सप्टेंबरला प्रतिनिधीगृहाने अध्यक्षांचा निर्णय २९८ विरुद्ध ९८ मतांनी धुडकावला. निर्णय रद्द व्हायला दोन्ही सभागृहांचा विरोध लागत होता. २४ सप्टेंबरला सिनेटमध्ये विरोधाचा ठराव ४६ विरुद्ध ४८ असा पडला, आणि खेप वाचली.

या निकालाची गंमत अशी, की त्याने कोणाचेच समाधान झाले नाही. अमेरिकेतल्या प्रसारबंदीवाल्यांना वाटले, पहिल्याच परीक्षेत कायदा नापास झाला. भारताला वाटले, दर वेळी अशी वरात काढून इंधन घ्यायचे असेल तर तो पुरवठा नव्हे, भीक. आणि खेपा यायला पुन्हा वेळ लागलाच. तारापूरला भट्ट्या कमी शक्तीवर चालवून हाती असलेले इंधन पुरवून पुरवून वापरावे लागले. मुंबईत दिवे गेले की लोक वीज मंडळाला शिव्या देत; त्यातला काही वाटा कॅपिटॉल हिलला जायला हवा होता.

शेवटी मार्ग निघाला तो जुलै १९८२ मध्ये, इंदिरा गांधींच्या वॉशिंग्टन भेटीत. अध्यक्ष रेगन यांच्याशी ठरले, की १९६३ चा करार कायम ठेवायचा, देखरेखही कायम, फक्त इंधन अमेरिकेऐवजी फ्रान्सने द्यायचे. साप मेला आणि काठीही मोडली नाही. रेगनना कायदा मोडावा लागला नाही, इंदिराबाईंना अट मान्य करावी लागली नाही. वापरलेल्या इंधनाचा प्रश्न मात्र तसाच भिजत पडला. ते अमेरिका परत नेईना आणि त्यातून प्लुटोनियम काढायला परवानगीही देईना. तलाव भरत चालले तशी बंडले अधिक दाटीने ठेवण्यासाठी नव्या मांडण्या बसवाव्या लागल्या आणि भट्ट्यांपासून वेगळी साठवणही बांधावी लागली. इंधन कुणाचे, हे ठरवणारे गेले. राखण करणारे तारापूरकर राहिले.

सुट्या भागांचीही अशीच ओढाताण होती. जनरल इलेक्ट्रिकचे सुटे भाग परवान्यांत अडकत. १९८३ मध्ये परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ दिल्लीला आले तेव्हा त्यावर थोडी मोकळीक मिळाली, पण तोवर इथल्या कार्यशाळांनी पुष्कळ भाग स्वतःच करायला घेतले होते. दुय्यम वाफजनित्रांतल्या गळत्यांमुळे ती वेगळी काढून भट्ट्यांची क्षमता २१० वरून १६० मेगावॉटवर आणावी लागली. या निर्णयाकडे पाहून काहींनी तारापूर संपले असे म्हटले. पुढे कितीतरी वर्षे याच १६० मेगावॉटच्या भट्ट्यांनी युनिटला एका रुपयाच्या आसपास वीज दिली; पश्चिम भारतात तेवढी स्वस्त औष्णिक वीज शोधून सापडली नसती. इथल्या अभियंत्यांचे खरे मोठेपण मला त्या दशकात दिसते. केंद्र बांधले अमेरिकी कंपनीने, पण ते म्हातारपणी चालते ठेवणे हे काम कोणी शिकवले नव्हते.

१९९३ च्या ऑक्टोबरमध्ये, करार अमलात आल्यापासूनची तीस वर्षे पुरी झाली आणि तो संपला. अमेरिकेची देखरेख मागण्याची कायदेशीर बाजू संपली, भारताने तरीही व्हिएन्नाशी स्वतंत्र करार करून तारापूरवरची देखरेख चालू ठेवली. फ्रान्सने मात्र आता सगळ्याच केंद्रांवर देखरेख हवी असे म्हणून हात आखडला. दरम्यान भाभा अणुसंशोधन केंद्राने प्लुटोनियम आणि युरेनियम मिसळलेले इंधन तयार करून तारापूरच्या भट्टीत काही बंडले चालवूनही दाखवली. १९९५ मध्ये इंधन आले ते चीनकडून. ज्या चीनच्या भीतीने अमेरिकेने १९६३ मध्ये तारापूर दिले, त्याच चीनने बत्तीस वर्षांनी तारापूरची भूक भागवली. २००१ मध्ये रशियाने ५८ टन दिले, तेव्हा अमेरिकेने जाहीर नापसंती दाखवली. म्हणजे स्वतः द्यायचे नाही आणि दुसरा देतो तर त्यालाही हटकायचे, असा तो काळ होता. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतरचे निर्बंध अजून पुरते उठलेही नव्हते.

मग वारे फिरले. १८ जुलै २००५ रोजी वॉशिंग्टनला जॉर्ज बुश आणि मनमोहन सिंग यांनी जे संयुक्त निवेदन काढले, त्यात तारापूरच्या देखरेखीखालील भट्ट्यांना इंधन लवकर देण्याचा विचार करू, असे नाव घेऊन लिहिलेले होते. एवढ्या मोठ्या सामरिक करारात एका वीजकेंद्राचे नाव येणे सहज नव्हे. कारण पुन्हा तेच : चीन वाढत होता आणि अमेरिकेला आशियात भारत हवा होता. १९६३ चीच चाल, फक्त खेळाडू नवे.

पण या वेळी भारताची बाजू १९६३ पेक्षा पुष्कळ सावध होती. डॉ. अनिल काकोडकर तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. कोणती केंद्रे नागरी, कोणती नाहीत, हे आम्ही ठरवणार, आणि जलद प्रजनक भट्ट्या देखरेखीत जाणार नाहीत, हे त्यांनी उघडपणे सांगितले. १० ऑक्टोबर २००८ रोजी परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी आणि कॉंडोलिझा राइस यांनी ज्या करारावर सह्या केल्या, त्याचे इंधनपुरवठ्याचे कलम कोणी तारापूरचा इतिहास शेजारी ठेवून वाचावे. भट्टीच्या आयुष्याला पुरेल असा इंधनसाठा भारताने करावा, त्याला अमेरिकेने पाठिंबा द्यावा. पुरवठा खंडित झालाच तर रशिया, फ्रान्स, ब्रिटन अशा पुरवठादार मित्रदेशांना एकत्र आणून तो सुरळीत करावा. हे कलम कुठल्या विद्यापीठातल्या कायदेपंडिताच्या डोक्यातून आलेले नाही. ते १९७८ ते १९८२ च्या उपासमारीतून आले आहे. वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करण्याचा हक्कही या वेळी तत्त्वतः मान्य झाला. ज्यावरून वर्षानुवर्षे घोडे अडले होते, ते कागदावर तरी पुढे सरकले.

त्या वेळी एक टोमणा ऐकायला मिळे, की स्वदेशीचा एवढा डांगोरा पिटणाऱ्यांना अखेर परक्या युरेनियमकडेच जावे लागले. टोमणा पूर्ण खोटा नाही. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, संपूर्ण भारतीय बनावटीच्या, भाभांच्या मूळ आराखड्यातल्या नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या. चौथी २००५ मध्ये आणि तिसरी २००६ मध्ये सुरू झाली. त्यांच्या इंधनासाठी वॉशिंग्टनचे तोंड बघायचे नव्हते. पण देशातल्या खाणींचे युरेनियमच पुरेना, आणि त्या वर्षांत आपल्या अनेक भट्ट्या निम्म्या शक्तीवर चालल्या. २००८ च्या कराराची निकड त्यातूनही आली. या नव्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली, हेही इथे नोंदवले पाहिजे. त्यांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी पुढे न्यायालयापर्यंत गेल्या. दिल्ली-वॉशिंग्टनच्या करारांचे हजारो पानी इतिहास छापून निघाले आहेत. या दोन गावांचा इतिहास केंद्राने स्वतः कधीतरी लिहून काढायला हवा.

आता अमेरिकेकडे पाहू. तिने तारापूरशी दगा केला, असे आपल्याकडे सरसकट म्हटले जाते. मला ते पूर्ण पटत नाही. सबंध अमेरिकेने कधी एकच भूमिका घेतली नाही. अध्यक्षांनी अनेकदा शब्द पाळायचा प्रयत्न केला, संसदेने तो मोडायचा. शब्द मोडला गेला तो बहुतेक वेळा कायद्याने, सभ्यपणे, मतदान घेऊन. ज्या देशाचे परराष्ट्र धोरण निवडून आलेल्या शेकडो लोकांच्या हाती असते, त्याच्याशी तीस वर्षांचा करार करताना त्या शेकडो लोकांचा हिशेब धरावा लागतो. भाभांनी तो धरला नव्हता. १९६३ मध्ये कोणीच धरला नसता. काकोडकरांनी धरला.

आणि भारत? आपण अमेरिकी जड पाण्याने स्फोट घडवला आणि त्याचे बिल तारापूरच्या नावावर गेले, हे या केंद्राच्या इतिहासात स्पष्ट लिहिले गेले पाहिजे. इथल्या माणसांनी अट मोडली नाही. पण ज्यांनी ती मोडली किंवा वाकवली, तेही आपलेच होते, आणि देशाला त्याचा उपयोग झाला असे मानणारे लोक या केंद्रातही कमी नव्हते.

२००८ च्या करारानंतर अमेरिकी कंपन्यांच्या नव्या भट्ट्या भारतात येतील, असा मोठा गाजावाजा झाला. आंध्रातील कोव्वाडा आणि गुजरातेतील मिठीविरडी ही ठिकाणे नेमलीही गेली. मग २०१० च्या अणुदायित्व कायद्यावरून पुरवठादार कचरले, मिठीविरडीला स्थानिक विरोध झाला, आणि वाटाघाटी वर्षानुवर्षे चालूच राहिल्या. तारापूरच्या जुन्या दोन्ही भट्ट्या २०२० मध्ये नूतनीकरणासाठी बंद करण्यात आल्या. अर्ध्या शतकाहून जास्त काळ लोटला. अमेरिकेने भारतात उभारलेल्या वीजनिर्मितीच्या अणुभट्ट्या आजही या दोनच आहेत.